कुरुंद्याचे गुरुजी आणि वसमतची दप्तरं

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात कुरुंदा नावाचं गाव आहे. आसपासच्या लोकांना ते टोकाईच्या डोंगरामुळे आणि टोकाईच्याच नावाच्या साखर कारखान्यामुळे माहीत आहे. महाराष्ट्राच्या वाचत्या घरांत मात्र ते पोचलं एका आडनावातून. नरहर अंबादास कुरुंदकर. जन्म १५ जुलै १९३२ चा, आजच्या कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरचा. घराणं कुरुंद्याचं, बालपण आणि शाळा वसमतची. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते आधी शिक्षक होते, नंतर पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले आणि अखेर तिथलेच प्राचार्य. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावर हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या पगारपत्रकावर विषय होता मराठी. तरीही मराठवाड्याच्या दोन पिढ्यांना इतिहास कसा वाचायचा हे कुणी शिकवलं असं विचारलं, तर मी कुरुंदकर गुरुजींचंच नाव घेईन. प्राध्यापक, प्राचार्य ही पदं मागे पडली आणि लोकांच्या तोंडी ‘गुरुजी’ राहिलं, यातच त्यांच्या शिकवण्याची ओळख आहे. त्यांचा वर्ग भरायचा तो व्याख्यानमालांत, राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत, घरी आलेल्या विद्यार्थ्यांच्या गराड्यात, आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांना लिहिलेल्या लांबलचक प्रस्तावनांत. इतिहासाचा प्राध्यापक काय शिकवतो, काय शोधतो आणि त्याला कशाकशाचं वेड असतं, हे सांगायचं तर मला त्यांच्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

ते वाढले ते वसमत आधी समजून घ्यायला हवं. तेव्हा हे गाव निझामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. घरात, बाजारात, शेतात मराठी, कचेरीत उर्दू. उच्च शिक्षणाचं माध्यमही उर्दूच. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचा तोच अभिमान होता. कचेरीतला सन फसली. महिने आजूर, दय, बहमन असे चालायचे. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ या फर्मानाची आडकाठी. १९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं आणि त्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण वसमतला त्या दिवशी तिरंगा उभारणं हा गुन्हा होता. इथे स्वातंत्र्य आलं तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला.

त्या तेरा महिन्यांत पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात, उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसची सशस्त्र शिबिरं होती. नदी ओलांडून रात्री संस्थानात शिरायचं, नाक्यांवर आणि पोलीस ठाण्यांवर हल्ले करायचे आणि परत फिरायचं. ३० जानेवारी १९४८ ला उमरीच्या बँकेवर जो गाजलेला हल्ला झाला, तो याच लढ्याचा भाग. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे याच लढ्यात १९४८ साली निझामाच्या पोलिसांशी लढताना धारातीर्थी पडले. वसमतच्या महाविद्यालयाचं नाव ‘बहिर्जी स्मारक महाविद्यालय’ आहे ते त्यांच्यावरून. महाविद्यालयांना देणगीदारांची आणि पुढाऱ्यांच्या वडिलांची नावं देण्याची चाल आपल्याकडे भक्कम रुजली आहे. तिथे एका लढवय्या खेडुताचं नाव लावणारी ही संस्था मला फार मोलाची वाटते.

कुरुंदकर तेव्हा सोळा वर्षांचे होते. विद्यार्थिदशेतच ते लढ्यात पडले. ज्या राज्याच्या शाळेत आपण शिकलो, ज्याच्या बादशहाची दुआ मागितली, ते राज्य पाच दिवसांच्या लष्करी कारवाईत नाहीसं होताना त्यांनी पाहिलं. राज्य टिकतं कशावर आणि पडतं कशाने, हा प्रश्न त्या वयातच त्यांच्या मानगुटीवर बसला असावा, असं त्यांचं लेखन वाचताना मला सारखं वाटत राहतं.

पुढे ते हैदराबादला मामांकडे गेले. मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठातले मराठीचे प्राध्यापक. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांची तुलना करणारा ‘मुक्तमयूरांची भारते’ हा त्यांचा ग्रंथ. भाच्याला त्या घरात पुस्तकं मिळाली, विद्वानांची ऊठबस मिळाली. परीक्षांशी मात्र त्याचं जमलं नाही. जे आवडेल ते वाचायचं आणि जे नेमलेलं असेल ते बाजूला ठेवायचं, याचा जो निकाल लागायचा तोच लागला. पदवी हातात नसतानाच ते नांदेडच्या शाळेत मास्तर झाले. पदव्या नंतर मिळवल्या आणि मग महाविद्यालयात गेले. ते पीपल्स कॉलेजही साधं नव्हतं. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने १९५० साली उभं राहिलेलं, मुक्तिलढ्यातूनच उगवलेलं कॉलेज होतं ते. स्वामीजींना कुरुंदकर गुरुस्थानी मानत.

आता त्यांच्या इतिहासाकडे येतो.

१९६८ साली रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ आली. तिच्या सुरुवातीला कुरुंदकरांची जी प्रस्तावना आहे, ती मुळात देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र आहे. कादंबरी वाचायला हातात घ्यावी आणि प्रस्तावनेतच दोन रात्री जाव्यात, असा अनुभव मराठीत फार थोड्या पुस्तकांनी दिला असेल. वाचकाचं शिवाजी महाराजांवर प्रेम आहे हे गुरुजी गृहीत धरतात. त्यांचं स्वतःचंही आहे. पण प्रेम असलं की प्रश्न संपले, हे त्यांना मान्य नाही. उलट ज्याच्यावर आपलं इतकं प्रेम आहे त्याच्याबद्दल कठीण प्रश्न विचारायचे नाहीत तर कुणाबद्दल विचारायचे, अशी त्यांची वृत्ती.

त्यांनी काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. आपण लहानपणापासून महाराजांचं मोठेपण प्रसंगांतून ऐकतो: अफजलखान, शाहिस्तेखान, आग्रा. गुरुजींचा भर प्रसंगांवर नाही. ते महाराजांच्या मृत्यूनंतरच्या काळाकडे बघतात आणि तिथून मागे येतात. १६८० साली महाराज गेले. औरंगजेब आपलं अफाट सैन्य घेऊन दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर पडलं, १६८७ मध्ये गोवळकोंडा. ही दोन्ही जुनी, श्रीमंत, तोफांनी सज्ज राज्यं. राजधानी पडली, सुलतान कैद झाला आणि राज्य संपलं. १६८९ मध्ये मराठ्यांचा छत्रपती मारला गेला. राजधानी रायगड शत्रूच्या हाती गेली. नवा राजा दूर जिंजीला. खजिना नाही, फौज विस्कटलेली. विजापूर-गोवळकोंड्याच्या हिशोबाने इथेच सगळं संपायला हवं होतं. लढाई मात्र पुढे अठरा वर्षं चालली आणि १७०७ साली औरंगजेबाचाच देह नगरजवळ पडला.

राजा नसताना लोक का लढले? गुरुजी या प्रश्नाशी थांबतात आणि आपल्यालाही थांबवतात. देवगिरीचे यादव १२९६ साली अल्लाउद्दीनच्या एका धाडीने हादरले आणि १३१८ पर्यंत नाहीसे झाले. प्रजेने त्यांच्यासाठी तलवार उपसल्याची नोंद नाही. १५६५ च्या एका लढाईने विजयनगरचा कणा मोडला. शूर राजे तिथेही होते, देवभक्तही होते. मग फरक कुठला? फरक राज्य आणि रयत यांच्या नात्यात शोधावा लागतो, जमिनीच्या महसुलात, वतनदारांना लावलेल्या लगामात, शेतकऱ्याला हे राज्य टिकण्यात आपलंही काही आहे असं वाटण्यात. प्रस्तावना वाचून उठलेला वाचक महाराजांवर पहिल्यापेक्षा जास्त प्रेम करतो, आणि त्या प्रेमाला आता कारणं असतात.

साधनांच्या बाबतीतही तीच शिस्त. सभासदाची बखर १६९७ ची, महाराजांना पाहिलेल्या माणसाने लिहिलेली. मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आली. मधल्या काळात चमत्कार वाढले, संवाद वाढले, दृष्टान्त वाढले. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये उजेडात आणली आणि जन्मतिथीचा वाद नव्याने पेटला: वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे सगळं पाठ असतं. पण उशिरा लिहिलेल्या कागदाला कमी मार्क द्यायचे, हा नियम आवडत्या गोष्टीलाही लावायचा धीर शिकवावा लागतो. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी तो पुण्यात दाखवला. सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारची फारसी बातमीपत्रं मराठीत आणून शत्रूच्या बाजूची साक्ष आपल्यासमोर ठेवली. पगडी निलंग्याचे. हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत असताना फारसी-उर्दू त्यांच्या हाडीमाशी भिनली होती. मराठवाड्याने मराठी इतिहासाला काय दिलं या प्रश्नाचं एक उत्तर मला इथे दिसतं. पुण्याकडच्या अभ्यासकाला जी भाषा मुद्दाम शिकावी लागे, ती इथल्या पोरांना शाळेतच मिळत होती.

‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ हे गुरुजींचं पुस्तक वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. स्वतः ज्या लढ्यात होतो त्याचा इतिहास लिहिणं सर्वांत अवघड. आठवण धावून येते आणि कागदाला बोलू देत नाही. अनंत भालेरावांनी ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ लिहिला तेव्हा त्यांच्यासमोरही हाच पेच असणार. या लढ्याला हिंदू-मुसलमानांच्या भांडणाचा रंग देणं सोपं आहे. आजही दर सप्टेंबरला तो दिला जातो. स्वामीजींच्या दृष्टीने ती सरंजामी सत्तेविरुद्ध लोकशाहीची लढाई होती, आणि कुरुंदकरही तिच्याकडे तसंच पाहत आले. निझामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आहेत. गावोगावच्या जुन्या घरांत ते अजून सांगितले जातात. आणि सप्टेंबर १९४८ नंतरही काही भागांत मुसलमान वस्त्यांवर जे झालं तेही खरं आहे. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचं नोंदवलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. वसमतच्या वर्गात शिकवणाऱ्याच्या समोर दोन्ही घरांतली मुलं बसलेली असतात. त्यांना एकच बाजू सांगून सुटता येत नाही.

कुरुंदकर असे सुटले नाहीत. ‘शिवरात्र’मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गोळवलकर गुरुजींच्या विचारांची त्यांनी केलेली चिकित्सा आहे आणि मुस्लिम राजकारणाची तितकीच परखड चिकित्साही आहे. मनुस्मृतीवर ते बोलले तेव्हा श्लोक समोर ठेवून बोलले. त्यामुळे सगळ्याच बाजूंचे लोक त्यांच्यावर अधूनमधून रागावलेले असत, आणि सगळ्याच बाजूंचे लोक त्यांना भाषणाला बोलावत. मला हा फार मोठा सन्मान वाटतो.

त्यांच्या आवडीनिवडींची यादी ऐकली की इतिहासाला वेळ कधी मिळाला असं वाटावं. भरताच्या नाट्यशास्त्राचा अभ्यास त्यांनी वर्षानुवर्षं केला. आय. ए. रिचर्ड्स या केंब्रिजच्या समीक्षकाच्या कलाविचारावर मराठीत पुस्तक लिहिलं, तेही नांदेडात बसून, जिथे तेव्हा नवं इंग्रजी पुस्तक मागवायचं तरी आठवड्यांची वाट. मराठी कादंबरीच्या वाटचालीवर ‘धार आणि काठ’. महाभारतावर लेखन. संगीताची ओढ तर जुनी. पण ही खानेसुमारी करून चालत नाही. नाट्यशास्त्राची पोथी घेतली की त्यातला कुठला भाग जुना, कुठला नंतर शिरलेला, हे विचारावं लागतं. महाभारत घेतलं की तेच. म्हणजे बखर तपासणारी नजर आणि पोथी तपासणारी नजर एकच आहे. ललित वाचणाऱ्या माणसालाच कळतं की बखरीतला एखादा संवाद फार नेटका झाला आहे आणि म्हणून संशयास्पद आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी कविता आणि नाटक वाचलं पाहिजे असं मी हट्टाने म्हणतो ते यासाठी.

आता आजच्या वसमतकडे वळतो. उन्हाळ्याच्या तोंडावर इथल्या शिवारात हळद शिजते, वाळते, पॉलिश होते आणि बाजार समितीत पिवळे ढीग लागतात. २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनासाठी या पिकाचं इथलं जुनेपण कागदावर दाखवावं लागतं. म्हणजे हळदीलाही इतिहास लागला.

त्याच्या आधीच्या वर्षी जुन्या कागदाला इथे कधी नव्हती इतकी मागणी आली होती. २०२३ च्या ऑगस्टअखेर जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू झालं आणि सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निझामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. तहसिलांतली, भूमी अभिलेखाची, शाळांची कपाटं उघडली. आतले कागद उर्दूत आणि मोडीत. आणि मग कळलं की वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला, तेव्हा तर ज्यांनी आयुष्यात गॅझेटिअर पाहिलं नव्हतं त्या घरांतही त्याचं नाव पोचलं.

आरक्षणाच्या मागणीच्या राजकीय बाजूबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. मला दुखतं ते वेगळंच. ज्या तालुक्यात ऐंशी वर्षांपूर्वी शाळकरी पोर उर्दू अर्ज वाचत होतं, तिथे आज इतिहासाचा पदवीधर आपल्या पणजोबांच्या जमिनीचा कागद वाचू शकत नाही. ‘१३५७’ असा आकडा दिसला तर तो कुठला सन हे त्याला सांगता येत नाही. हैदराबादच्या फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हा कागद १९४७-४८ चा, नेमका त्या तेरा महिन्यांच्या आसपासचा. त्या कागदावर जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली असेल, तर तो केवढा मोठा दस्त! इनाम जमिनीचं मुंतखब, १९५४-५५ चं खासरा पत्रक, जुनी पाहणीपत्रकं यांचा उपयोग आपल्याकडे भाऊबंदकीच्या दाव्यापुरता होतो. वकिलाने मागितलं की नक्कल काढायची, निकाल लागला की विसरायचं.

यात भूगोलाचाही दोष आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, पण संस्थानाचं दप्तर हैदराबादलाच राहिलं. ते आज तिथल्या तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहे. शाहजहान-औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे लाखावर कागद तिथेच आहेत. जिल्ह्याची कचेरी आधी परभणीला होती आणि १ मे १९९९ पासून हिंगोलीला. म्हणजे वसमतचा एक कागद हैदराबादला, एक परभणीला, एक हिंगोलीला आणि एक कुणाच्या तरी माळवदावर, पत्र्याच्या पेटीत. तालुक्याच्या गावात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला ‘संशोधन करा’ म्हणून सांगणाऱ्यांनी हा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. त्याच्याकडे तासिकांचा भार आहे, परीक्षेची कामं आहेत, आणि हैदराबादला जाऊन राहायची सोय नाही. तरी जो माणूस सुटीत चार गावं फिरून हट्ट्याच्या बारवेच्या पायऱ्या मोजतो, वीरगळांचे फोटो घेतो, म्हाताऱ्या माणसांशी ओट्यावर बसून बोलतो, तो आपल्या इतिहासलेखनाचा खरा आधार आहे. त्याचे लेख लहान नियतकालिकांत छापून येतात आणि फार कुणी वाचत नाही. पुढच्या मोठ्या ग्रंथाला मात्र तेच लागतात.

नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे, आणि ते १७ सप्टेंबरलाच, १९९४ साली सुरू झालं. वसमतच्या महाविद्यालयाला बहिर्जींचं नाव आहे. नावं इतकी नेमकी असताना मोडी आणि उर्दू लिपीचा वर्षभराचा अभ्यासक्रम या भागात प्रत्येक इतिहास विभागात सक्तीचा नसावा, हे मला पटत नाही. दोन्ही लिप्या मन लावून शिकल्या तर सहा महिन्यांत सरावाचा कागद वाचता येतो. समितीच्या कामाच्या वेळी त्या येणाऱ्याला हातोहात काम मिळालं, तेव्हा पोटापाण्याचा मुद्दाही मिटतो.

लिपी आली की मग गुरुजींची रीत कामी येईल. प्रमाणपत्रासाठी कागदाला एकच प्रश्न विचारला जातो: आमच्या जातीची नोंद आहे की नाही? वर्गात त्याच कागदाला पुढचे प्रश्न विचारायचे आहेत. ही नोंद कुणी केली, कुणाच्या हुकमाने, आणि कर बसवायला की मोजणीला? एकाच गावात दोन भावांच्या जाती दोन तऱ्हेने का लिहिल्या गेल्या? कुळाचं नाव का नाही? १९४८ मध्ये पैनगंगेकडून येणाऱ्यांना रात्री भाकरी देणाऱ्या बायका कुठल्या घरच्या होत्या, आणि स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत त्या का नाहीत? १९४८ साली जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत. वापटीत, कुरुंद्यात, हट्ट्यात अशी माणसं अजून भेटतील. त्यांच्याशी बोलायला अनुदान लागत नाही, विद्यापीठाची मंजुरी लागत नाही. बहिर्जींच्या कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनी या दिवाळीच्या सुटीत आपल्याच गल्लीतून सुरुवात करावी. नाव, गाव, फसली सन, आणि ऐकलेलं जसंच्या तसं लिहून काढावं. ते खरं की खोटं याची छाननी नंतर वर्गात, कागद समोर ठेवून करता येईल.